पाठपोट

कागद सेहेचाळीस पानांचा होता, आणि ज्ञानूच्या घरात सलग वाचू शकेल असं माणूस एकच होतं. तेही बाळंतपणाला सारोळ्याला माहेरी गेलेलं. राहिले ज्ञानू आणि भामाबाई. ज्ञानूला स्वतःचं नाव लिहिता यायचं. रोजगार हमीच्या मस्टरवर ते त्यानं इतक्या वेळा लिहिलं होतं, की आता ते अक्षरांनी नव्हे, मनगटाच्या वळणानं पाठ झालं होतं. मध्येच कुणी हाक मारली तर त्याला परत 'ज्ञा'पासून सुरुवात करावी लागे. भामाबाईला तेवढंही येत नव्हतं. तिला मोजता मात्र येत होतं. आवणीत रोपाच्या मुठी, चुलीपुढं भाकरी, पाण्याला घातलेले हेलपाटे, सगळं ती मनातल्या मनात मोजायची. मोजलेलं विसरायची नाही, हा तिचा दोष होता असं ज्ञानूचं मत होतं.

कागद घेऊन गोरख आला होता. गोरख म्हणजे ज्ञानूचा धाकटा भाऊ. कामथडीला हायवेच्या कडेला त्याचं दुकान होतं. बाहेर पाटी होती : 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, तातडीचे फोटो. पाठपोट झेरॉक्स काढून मिळेल.' मार्गासनीच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत तो महिना-दोन महिन्यांनी गाडीवरून येई, आणि आला की घरात न जाता आधी चुलीपुढच्या पाटावर बसे. ती त्याची जागा होती. सासू गेली तेव्हा गोरख पाच वर्षांचा होता आणि भामाबाई अठराची. त्याचा शेंबूड तिनं पुसला, गोवरात तिनं रात्री जागून काढल्या, शाळेत तिनं घातलं. आजही त्याला चहा त्याच चेपलेल्या जर्मनच्या वाटीत लागायचा. दुकानात काचेचे ग्लास होते. इथं मात्र वाटीच.

"वैनी, च्या टाक," पाटावर टेकत गोरख म्हणाला. "आन् दादाला हाक मार. उद्या वेल्ह्याला सही हाय."

"कशाची सही?"

"सांगितलं न्हवतं का? माळाची. कंपनीला द्यायचा."

वाडीच्या डोक्यावर त्यांचा वरकस माळ होता. नाचणी सोडून तिथं काही होत नव्हतं, आणि डुकरं उठल्यापासून नाचणीही होत नव्हती. माळाच्या वरच्या टोकाला उंबराचं झाड आणि त्याच्या बुंध्यातून येणारा झरा. त्याला उंबरपाणी म्हणत. त्या पाण्याचा पाट माळावरून उतरून खाली भाताच्या खाचरांत यायचा. पाऊस असेपर्यंत त्याच्याकडं कोणी बघत नसे. पाऊस गेला आणि भात निसवायला आलं की मग वाडीत फक्त ज्ञानूच्या खाचरांत पाणी असे.

कंपनीचं नाव होतं 'हिरवाई ग्रीन निसर्गग्राम'. एकदा हिरवं म्हणून भागलं नव्हतं. पुण्याच्या लोकांना खेडं दाखवायला त्यांना खेड्यात जागा हवी होती. एकोणतीस वर्षांच्या भाड्यानं.

ज्ञानू गोठ्यातून हात झटकत आला. कागदाची जाडी बघून तो लांबच उकिडवा बसला. "एवढं काय लिव्हलंय माळावर?"

"वाचावं लागंल," भामाबाई म्हणाली.

"सेहेचाळीस पानं कोण वाचतंय, वैनी?" गोरख हसला. "एआय हाय की."

"कोण आय?"

"आय न्हाई. एआय. मोबाईलमधी असतं. लांबडा कागद दिला की थोडक्यात सांगतं."

"ए आय म्हणजे आयच की," भामाबाई म्हणाली. "हाक मारल्यागत."

ज्ञानू हसला. गोरखही हसला. मग त्यानं फाइल सोडवली, ओसरीच्या फरशीवर एकेक पान मांडलं आणि फोटो काढायला लागला. वारा होता. भामाबाईनं पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. फोन दर वेळी 'खट्' करायचा. खट् झालं की पान उचललं, बाजूला ठेवलं, पुढचं मांडलं. भामाबाई मोजत होती. तेवीस वेळा खट् झालं.

कागद पातळ होता आणि मागच्या अंगाचं छापील पुढं उमटल्यासारखं दिसत होतं. मागंही लिहिलंय हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण मागच्या वर्षी भोरला दवाखान्यात ज्ञानूच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा सदऱ्यासकट उभा केलेल्या माणसाच्या आतल्या बरगड्या दिसल्या होत्या. माणसाच्या आरपार दिसतं, तिथं कागदाचं काय, असा विचार करून ती गप्प राहिली. झेरॉक्सवाल्याला आपण काय शिकवायचं?

गोरख फोनशी बोलला, "ह्यो करार थोडक्यात सांग. सोप्या मराठीत." जरा थांबला. मग वाचायला लागला. जमिनीची मालकी तुमचीच राहील. झाडं तोडायची नाहीत. घरातल्या एका माणसाला काम. कुंपण कंपनी घालणार. माळापर्यंत गाडीरस्ता कंपनी करणार. भाडं पुढच्या पाडव्यापासून सुरू. एकेक वाक्य तो नीट, सावकाश वाचत होता. लहानपणी चुलीपुढं धडा वाचायचा तसाच.

तेव्हा भामाबाई भाकऱ्या थापत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, तरी पोरगं ओळ गाळतंय हे तिला कळायचं. गाळली की त्याचा डावा कान ती पीठभरल्या हातानं पिळायची. पुढं पुढं तर ओळ गाळली की त्याचा हात आपण होऊनच कानाच्या पाळीवर जायला लागला. मग पिळायचीही गरज उरली नाही.

गोरख वाचता वाचता थांबला. फोनकडं बघत राहिला. अंगठ्यानं ते थोडं वर सरकवलं, परत खाली आणलं. त्याचा डावा हात कानाच्या पाळीवर गेला.

"बास," तो म्हणाला. "एवढंच."

"झालं?" ज्ञानू म्हणाला.

"झालं. संजयला बी पाठवतो. त्येनं बघितलं म्हंजे तुमाला घोर न्हाई." संजय ज्ञानूचा मुलगा. पुण्यात कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. गोरखनं तिथंच बसून सगळं त्याला पाठवलं. चहा संपायच्या आत संजयचा अंगठा आला.

"बघ. संजय व्हय म्हणला."

ज्ञानूनं बायकोकडं बघितलं. बैल घ्यायचा असो की पोरगी बघायला जायचं असो, तो शेवटी तिच्याकडंच बघायचा. भामाबाई गोरखच्या कानाकडं बघत होती. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, कानात एकदोन पांढरे केस. एवढ्या मोठ्या माणसाचा कान थोडाच पिळतात.

"करा की मग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सोळा जूनला, वेल्ह्यात सही झाली. ज्ञानूनं एका दमात नाव लिहिलं. माळाच्या उताऱ्यावर दोघा भावांची नावं होती, म्हणून गोरखनंही सही केली. त्याची सही इंग्रजीत होती आणि तिला खाली शेपूट होतं.

आवणी झाली. चिखलात वाकून भामाबाईच्या कमरेचा मणका रात्रभर ठणकायचा आणि पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. त्यावर ती मेण आणि खोबरेल लावायची. इंद्रायणी भात यंदा जोमात होतं. गणपती झाले आणि माया, म्हणजे सून, तीन महिन्यांची शिवानी घेऊन सारोळ्याहून परत आली. माळावर तोवर खांब उभे राहिले होते, तारा ओढल्या होत्या, आणि जीपगाड्यांनी पायवाटेचा चिखल करून ठेवला होता. गाडीरस्ता म्हणतात तो हाच असावा, असं ज्ञानू म्हणाला. तो खरोखरच तसं समजत होता.

नवरात्रात पाऊस गेला तो परत फिरकला नाही. भात पोटरीत. आठ दिवसांत खाचरांच्या तळाला भेगा दिसायला लागल्या. भामाबाई फावडं खांद्यावर टाकून पाट मोकळा करायला निघाली. दरसालचंच काम. खालपासून पाट साफ करत ती वर गेली. अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं, की पाटात गाळ नाही, पाला नाही, आणि पाणीही नाही.

माळाच्या तोंडाला हिरव्या रंगाचं फाटक होतं. आत खुर्चीवर निळ्या कपड्यांतला रखवालदार. भोरचा लियाकत. त्याची आई भामाबाईकडून दरसाल तांदूळ न्यायची.

"मावशी, आत जाता येत न्हाई."

"उंबरपाण्याकडं चाललेय, बाबा. पाट तुंबलाय."

"तेच म्हणतोय. वहीत नाव लिव्हावं लागतं." लियाकतला स्वतःलाच लाज वाटत होती, तो बोलताना वहीकडं बघत होता. "तुमी सांगा, म्या लिव्हतो. नाव भामाबाई ज्ञानू. गाव हेच. आता ह्या रकान्यात भेटीचं कारण."

"कुणाला भेटायचं?"

"कुणाला म्हंजे... लिव्हावं लागतं."

"लिही. पाण्याला भेटायला आलीया."

त्यानं 'पाणी' एवढंच लिहिलं आणि वेळ टाकली. फावडं फाटकाशी ठेवून घेतलं. अवजार आत नेता येत नव्हतं.

उंबर होता. बुंध्याशी सिमेंटचं गोल कडं बांधलं होतं, त्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. तिथून काळा पाईप वर काढून दगड रचलेल्या एका उंचवट्यावर नेला होता. उंचवट्यापुढं फलक होता. लियाकतनं तो न विचारताच वाचून दाखवला : "नैसर्गिक धबधबा. काम चालू आहे."

भामाबाईनं झाकणाला कान लावला. आत पाणी वाजत होतं.

"साहेबाला फोन लाव," ती म्हणाली.

लियाकतनं लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला. साहेबांचा आवाज गोड होता. "मावशी, तुमचा गैरसमज झालाय. करारात सगळं स्वच्छ आहे. पान बावीस बघा. आम्ही लपवून काहीच केलेलं नाही. तुमच्या दिरांनी वाचून दाखवलं असेलच."

"दाखवलं," भामाबाई म्हणाली.

फाटकाशी तिनं फावडं उचललं. वहीत जायची वेळही लिहायची होती. लियाकतनं ती लिहिली, आणि मग खुर्चीखालची आपल्या पिण्याच्या पाण्याची बाटली काढून पुढं केली. तिनं ती घेतली नाही. त्याचा राग नव्हता. फावडं खांद्यावर टाकून ती उताराला लागली.

माया बारावी झालेली होती आणि तिला एक खोड होती : तांदळाच्या पिशवीवरचं, औषधाच्या पट्टीवरचं, जे छापलेलं दिसेल ते ती शेवटपर्यंत वाचायची. भामाबाईनं 'पान बावीस' म्हटल्यावर तिनं ट्रंकेतली फाइल काढली, शिवानीला सासूच्या मांडीवर दिलं आणि पानं फरशीवर मांडली. फोन बाहेर काढला.

"आयला इचारतीस?" भामाबाई म्हणाली.

"व्हय. पण दोन्ही अंगानं."

खट्. पान उचललं, उलटं केलं. खट्. भामाबाई मोजत होती. तेवीस झाले तरी ढीग निम्मा शिल्लक होता.

"तेवीस झालं की," ती म्हणाली. "आता बास."

"अजून तेवीस हायेत, आत्या. पाठपोट छापलंय ह्ये."

भामाबाईच्या मांडीवरची शिवानी उगाच रडायला लागली, म्हणजे मांडी आवळली गेली असावी.

मायानं गोरखसारखं नुसतं 'थोडक्यात सांग' म्हटलं नाही. ती फोनला म्हणाली, "पाणी, पायवाट आणि करार मोडायची अट, एवढं सांग. प्रत्येकाला पान नंबर दे. करारात नसलं तर नाही म्हण, मनानं घालू नको." फोननं आधी तिलाच काम लावलं. एकतिसाव्या पानाची खालची ओळ पुसट आली आहे, तो फोटो परत काढा. तिनं काढला. मग त्यानं सांगितलं आणि माया एकेक पान हातात धरून, ओळीवर बोट ठेवून ताडून बघत गेली.

"पान बावीस. जागेतलं समदं पाणी, झरा, इहीर, वढा, कंपनीच्या ताब्यात. पान चोवीस. जागेतनं जाणारी वाट बंद करायचा हक्क त्यांस्नी. बरोबर हाय, आसंच लिव्हलंय. पान चाळीस..." ती थांबली आणि परत वाचू लागली. "सहीपासून एकशेवीस दिवसांच्या आत जागा देणारे करार मोडू शकत्यात. लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचली की काम थांबवायचं आन् पाण्याची, वाटेची पहिली वहिवाट मोकळी करायची."

ज्ञानू दारात उभा होता. "एकशेवीस दिस कवा हुत्यात?"

माया बोटांवर मोजायला लागली. भामाबाईनं तिच्या आधी सांगितलं. "आज एकशेसोळावा."

"नोटिशीवर समद्या मालकांची सही लागंल," माया म्हणाली. "मामंजींची आन् गोरख मामंजींची."

म्हणजे फार अवघड नव्हतं. गोरख घरचाच होता. ज्ञानूच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड आला. "चुकून ऱ्हायलं आसंल त्येच्याकडनं," तो म्हणाला. "मागचं अंग बघायचं इसरला आसंल. माणूसच हाय."

मायानं संजयला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. जूनमधला काकांचा निरोप आहे का बघा, म्हणाली. संजय बस धुवत होता. त्यानं शोधला. होता. "घरातल्या एकाला काम, भाडं पाडव्यापासून," त्यानं वाचलं. "हितपतुरच हाय. खाली 'आणखी वाचा' आसं निळं आलंय."

"मग दाबा की त्ये."

संजयनं दाबलं. पलीकडं नळ बंद झाला.

"वाचा," माया म्हणाली.

संजयनं वाचलं. "'महत्त्वाची सूचना. मला दिलेल्या फोटोंमध्ये फक्त एक, तीन, पाच अशी विषम क्रमांकाची पाने आहेत. उरलेली तेवीस पाने मी पाहिलेली नाहीत. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असावा. त्या पानांवर पाणी, रस्ता किंवा करार रद्द करण्याच्या अटी असू शकतात. त्यामुळे हा सारांश अपुरा आहे. ती पाने पाहिल्याशिवाय सही करू नये.'"

मायानं फरशीवरची पानं गोळा करून फाइलीत घातली.

"आये," संजय म्हणाला, "म्या अंगठा दाखवला हुता त्येला."

भामाबाईच्या सासऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो कागदावर अंगठा द्यायचा. नातवाला लिहिता-वाचता येत होतं. त्यानंही अंगठाच दिला होता.

पण भामाबाई संजयबद्दल विचार करत नव्हती. तिला ओसरी दिसत होती, फोन वर-खाली करणारा गोरखचा अंगठा दिसत होता, आणि कानाच्या पाळीवर गेलेला हात. फोनमधल्या त्या आयनं परक्या माणसाला सगळं सांगितलं होतं, चार महिन्यांपूर्वीच. आणि हिनं, जिनं त्याला वाढवलं, तिनं डोळ्यांनी बघून तोंड मिटून घेतलं होतं.

"चुकून न्हाई ऱ्हायलं," ती ज्ञानूला म्हणाली. एवढंच.

गोरखला त्याच दिवशी फोन केला. दुकानात गर्दी आहे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. ज्ञानू वाटेत एसटी बदलून कामथडीला गेला, तर दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, आत्ता तर होता. ज्ञानू पाटीखाली दोन तास बसला आणि परत आला. त्याची टोपी घामानं भिजून वाळून पांढरी झाली होती. खाचरांतल्या भेगांत आता बोट जात होतं.

एकशेएकोणिसाव्या दिवशी दुपारी गोरखची गाडी अंगणात आली. भामाबाईनं निरोप धाडला होता : 'आला न्हाईस तर मी येऊन दुकानापुढं बसंन.' भाऊ बसला तर चालत होतं. वहिनी बसली असती तर गिऱ्हाइकांनी विचारलं असतं.

तो पाटावर बसला. "वैनी, च्या."

"आधी वाच," भामाबाई म्हणाली. मायानं त्याचाच निरोप, त्याच्याच फोनवर काढून, त्याच्या हातात दिला.

"ह्ये तर झालंय वाचून."

"शेवटचं न्हाई झालं."

गोरख वाचायला लागला. 'महत्त्वाची सूचना.' सुरुवातीला नीट, मग भराभर, मग पुटपुटत. "सही करू नये" हे त्यानं इतक्या हळू वाचलं की ज्ञानूनं "काय?" केलं, आणि त्याला ते परत, मोठ्यानं वाचावं लागलं.

"ह्ये दिसल्यालं तुला त्या दिशी," भामाबाई म्हणाली.

"म्या लपवलं का? संजयला आख्खं पाठवलं हुतं. त्येनं वाचायला नको?"

"आमाला वाचून दाखवत हुतास. बास म्हणालास."

"साहेब म्हणलं, मागच्या अंगाला नुसतं नियम असत्यात. सगळीकडंच असत्यात."

"दुकानावर पाटी काय लावलीस रं?" ज्ञानू म्हणाला. तो एवढं तिखट बोलू शकतो, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

मायानं नोटिशीचा कागद पुढं केला. खाली ज्ञानूचं नाव लिहून झालं होतं. शेजारी मोकळी जागा होती. गोरखनं कागदाला हात लावला नाही.

"मला जमायचं न्हाई, दादा."

"का?"

"क्यान्टीन हाय माझं तिथं." तो जमिनीकडं बघत बोलला. "धबधब्याच्या शेजारी. साहेबांनी सबूद दिलाय. झेरॉक्सवर काय भागतंय आता? समदं मोबाईलवर झालं. पोरगी कॉलेजला हाय. तुमी भात विकत घेऊन खाशीला एखादं साल. मला परत असं मिळणार न्हाई."

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. ज्ञानू भिंतीला टेकून खाली बसला. बसताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज आला. भामाबाईला वाटलं होतं की आपण ओरडू. तिला तेवढीही ताकद सापडली नाही.

"कंच्या पानावर हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"क्यान्टीन. आमचं पाणी बावीसवर हाय. तुझं कंच्या पानावर?"

मायानं आपला फोन त्याच्यापुढं धरला. त्यात दोन्ही अंगांची सेहेचाळीस पानं होती. "इचारा," ती म्हणाली.

गोरखनं घसा साफ केला. "क्यान्टीन कुठल्या पानावर हाय?"

करारात कॅन्टीनचा उल्लेख नाही, असं उत्तर आलं.

"हॉटेल?"

नाही.

"उपाहारगृह बघ. गोरख ह्या नावानं."

उपाहारगृह चालवायला कुणालाही दिल्याचा उल्लेख नाही. गोरख हे नाव फक्त उताऱ्यात आणि सहीच्या जागी आहे. मात्र खाद्यपदार्थांबद्दल पान अडतीसवर एक अट आहे. ती मूळ कागदावर वाचून खात्री करावी.

गोरखनं फाइल ओढली. पान सदतीस काढलं. आणि या घरात पहिल्यांदाच त्यानं कागद उलटा केला. ओठ हलवत तो मनात वाचायला लागला.

"मोठ्यानं," भामाबाई म्हणाली.

"'परिसरात तसेच परिसरापासून एक किलोमीटर अंतरात,'" गोरखनं वाचलं, "'चहा, वडापाव, भोजन वा कोणतेही खाद्यपदार्थ जागा देणारे अथवा त्यांचे नातेवाईक विकणार नाहीत.'"

त्यानं ते परत एकदा वाचलं. मग फोनला पुन्हा विचारलं, "च्याची टपरी बी न्हाई?" फोननं न कंटाळता सांगितलं, की या अटीत चहाचा समावेश आहे.

"सबूद दिला हुता मला," गोरख ज्ञानूला म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "फसवलं की रं दादा मला त्येनं."

ज्ञानू त्याच्याकडं बघत राहिला. घरात फसवला गेलेला माणूस कोण, याबद्दल गोरखच्या मनात काही शंका नव्हती.

"पेन दे," तो मायाला म्हणाला, आणि नोटिशीवर शेपटासकट सही केली. रागानं केली, कागद जवळपास फाटला. "बघतो आता त्येच्याकडं. आपल्या पाण्याला हात लावतोय!"

'आपल्या' म्हणाला. सही झाली होती. काम थांबणार होतं, झाकणाचं कुलूप निघणार होतं, पाट वाहणार होता, भात हाती लागणार होतं. त्यासाठीच तर चार दिवस जीव टांगला होता. ज्ञानूनं तो कागद दोन्ही हातांनी उचलला, मायानं शिवानीला काखेला मारलं, आणि दोघं मिळेल त्या गाडीनं कंपनीच्या हापिसात हातपोच द्यायला निघाली. पोच म्हणून शिक्का घ्यायचा, शिक्क्यावर तारीख बघायची, आणि कागदाची मागची बाजूही बघायची, हे माया वाटेनं सासऱ्याला सांगत गेली.

चुलीपुढं दोघंच उरली. वहिनीनं पाटावरच्या माणसाकडं बघितलं. सही झाली हे खरं होतं. अडतिसाव्या पानावर ती अट नसती, तर हा हात उठला नसता, हेही तिनं मोजून ठेवलं.

"वैनी, आता तरी च्या टाक की," गोरख म्हणाला. तो हलका झाला होता. "सकाळधरनं पोटात काय न्हाई."

भामाबाईनं चहा टाकला. आलं ठेचून घातलं, साखर नेहमीएवढीच. फळीवर जर्मनची चेपकी वाटी उपडी होती. तिच्यावरून तिचा हात पुढं गेला, मागच्या अंगाला, जिथं फुलांची नक्षी असलेल्या दोन कपबशा होत्या. तलाठी आला, व्याही आले, की त्या निघायच्या. तिनं एक कप विसळला, पदरानं पुसला, चहा ओतला. सांडू न देता तो तिनं पाटापुढं ठेवला. बेचाळीस वर्षांत तिनं गोरखला कधी कपात चहा दिला नव्हता आणि कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

गोरखनं कपाकडं बघितलं, मग फळीवरच्या वाटीकडं. त्याचा डावा हात हळूहळू कानाच्या पाळीकडं गेला.

"घ्या, भावजी," भामाबाई म्हणाली. "तुमास्नी लांब जायाचं आसंल."